एवेलिओचा निरोप

आकोस्ताच्या डोंगरात कोणाला घर बांधायचं असलं की तो आधी एवेलिओकडे जायचा आणि मग गवंड्याकडे. तिथली माती चिकण, पाणी धरून बसणारी. सेप्टिक टाकी कुठे पुरायची आणि तिच्यातून निघालेलं पाणी जिरवायला चर कोणत्या अंगाने काढायचा, हे एवेलिओने सांगितल्याशिवाय पायाची दोरी ताणली जात नसे. तो हातभर खड्डा खणायचा, त्यात बादली ओतायचा आणि पाणी कसं उतरतंय ते बघत दगडावर बसून राहायचा. घरमालक चुळबुळ करायला लागला की म्हणायचा, "घर कुठेही उभं राहील. घरातून जे बाहेर जाणार ते कुठे जाणार, ते ठरू द्या आधी."

टाकी बांधणं त्याचं आणि पुढे वर्षानुवर्षं ती उपसणंही त्याचंच. झाकण सरकवलं की तो आधी लांब जाऊन उभा राहायचा, आतला विषारी वायू निघून जाऊ द्यायचा, मगच टँकरची सोंड आत सोडायचा. सगळा गाळ कधी खरवडायचा नाही. विरजणापुरता ठेवावा लागतो, नाहीतर टाकी नासते, म्हणायचा. निघताना घरातल्या लहानथोरांना उभं करून तेच ते बजावायचा. तळणीचं तेल ओतू नका, चिंध्या टाकू नका, संडासातले कागद टोपलीत टाका, चरावर गाडी लावू नका. "आणि अंगठी पडली म्हणून मला फोन करू नका. टाकीत गेलेलं परत घरात आणायचं नसतं."

फोन त्याची बायको ओदिलिया घ्यायची. पाणी वर येतंय की नुसती घरघर आहे, एकाच नळाला की सगळ्यांना, असे चार प्रश्न विचारून ती दुखणं ओळखायची, आणि एवेलिओ जेवायला घरी आला की त्याला सांगायची, "त्या वळणावरच्या घरी जा आधी, त्यांच्या झाडांची मुळं शिरली असणार चरात." लग्नानंतर सुरुवातीला तीही त्याच्याबरोबर कामावर असायची. मोजायची फीत धरायची, विटा द्यायची, खडी पसरायची. गावातल्या बायका नाकाला हात लावून विचारत, "ओदिलिया, नवऱ्याच्या अंगाला वास येत नाही का ग?" ती म्हणायची, "येतो की. तुमच्याच घरचा असतो, ओळखला नाहीत?"

एवेलिओ मात्र संध्याकाळी अंगणातल्या नळावर निळ्या साबणाने कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मग आत जाऊन परत अंघोळ करायचा.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्याच्या स्वतःच्या घरच्या संडासात घरघर सुरू झाली. शेजारची ताला कुंपणावरून म्हणाली, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." ताला विधवा होती, जिभेने तिखट, पण रात्री-अपरात्री हाक मारली तर धावून येणारी. एवेलिओने पावसावर ढकललं. जमीन तुडुंब भरलीय, चरातलं पाणी जिरायला जागा कुठे आहे, चार दिवस ऊन पडू दे. ऊन पडलं नाही. अंघोळीचं पाणी उलटं येऊन त्याच्या घोट्याला लागलं, तेव्हा त्याने झाकण काढलं.

आतल्या नळीच्या तोंडाशी मोजा अडकला होता. गजाच्या आकड्याने त्याने तो ओढला. त्याच्यामागे दुसरा आला. मग रुमाल, कंगवा, दाढीचा वस्तरा, वाचायचा चष्मा, पट्ट्यासकट घड्याळ. एवेलिओ एकेक वस्तू गोणपाटावर ठेवत गेला. सगळं त्याचंच होतं. तिची एकसुद्धा वस्तू त्यात नव्हती.

ओदिलिया स्वयंपाकघरात घेवडा निवडत होती.

"माझे मोजे टाकीत कसे गेले ग?"

"मोज्यांना विचार," ती म्हणाली. मान वरही केली नाही.

तिचं बोलणं नेहमीचंच होतं, म्हणून त्याला वाटलं, रागावलीय. कशावरून रागावली असेल ते तो आठवत बसला. त्या वर्षात बाकीही काही घडलं होतं. तिने एकाच सकाळी दोन घरांना वेळ दिली होती. कॉफीत मीठ पडलं होतं. सान इग्नासिओ गावच्या देवळासमोर उभी राहून तिने घरी जाणारी बस कोणती म्हणून एका परक्या बाईला विचारलं होतं. प्रत्येक वेळी दोघं हसली होती. वय झालं, असं तो म्हणाला होता आणि तिनेही ते मान्य केलं होतं.

आता त्याने विषय वाढवला नाही. वस्तू चुन्याच्या पाण्यात धुतल्या, चुलीवरच्या दांडीला वाळवल्या, चष्म्याच्या काचा पुसल्या आणि सगळं पुन्हा खणात जिथल्या तिथे ठेवून दिलं. तिला लाज वाटू नये, म्हणून.

त्यानंतर ओदिलिया बदलली. रात्र झाली की दाराला खुर्ची लावायची. तो खोलीत आला की बोलता बोलता गप्प व्हायची. अंथरुणात भिंतीकडे तोंड करून अंग आखडून पडायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, "काही नाही," आणि त्या दोन शब्दांत पाहुण्याशी बोलतानाचा आदर असायचा. एवेलिओने तालाला विचारलं, "तुझ्याशी काही बोलली का?" ताला म्हणाली, "बायकांचं बोलणं तुला कशाला हवंय," पण तिची नजर भलतीकडेच होती.

पाणी पुन्हा तुंबलं तेव्हा तो नुकताच कामावरून आला होता. अंगावर कामाचेच कपडे होते. गुडघाभर रबरी बूट, जाड हातमोजे, तोंडाला फडकं, भुवयांपर्यंत ओढलेली टोपी. तसाच तो मागच्या अंगणात गेला, झाकण सरकवलं आणि लांब होऊन उभा राहिला. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि ओदिलिया बशीत कप घेऊन बाहेर आली. केस नीट विंचरलेले, अंगावर स्वच्छ एप्रन.

"बरं झालं मिस्त्री, तुम्ही आलात," ती म्हणाली. "केव्हाचा फोन केला होता मी."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. थट्टा करताना ती डाव्या गालात जीभ घालायची. त्याने निरखून पाहिलं. तिचा चेहरा सरळ होता.

"रस्ता खराब आहे," तो म्हणाला.

"असणारच. कॉफी घ्या. आमचे हे घरी नाहीत, कामावर गेलेत. तेही हेच काम करतात. एवेलिओ. ओळखत असाल तुम्ही."

"ओळखतो."

"त्यांना कळलं, मी दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं, तर चिडतील." ती हसली. "पण हे त्यांना दाखवण्यासारखं नाही. म्हणून तुम्हाला त्रास दिला."

एवेलिओने कप दगडावर ठेवायला सांगितला, हात घाण आहेत म्हणाला. मग गज आत घातला. पहिल्याच ओढीला त्याचा कमरेचा पट्टा वर आला, आणि त्याला गुंडाळून त्याची बनियन.

"हे कोणाचं?" त्याने विचारलं.

ओदिलियाने कुंपणाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि ती त्याच्याजवळ सरकली.

"घरात एक म्हातारा येतो, मिस्त्री. अंधार पडला की येतो. दार वाजवत नाही, किल्लीच आहे त्याच्याकडे. एवेलिओच्या खुर्चीत बसतो, एवेलिओच्या ताटात जेवतो. आणि मग त्याच्याच जागेवर निजतो. मी भिंतीला चिकटून पडते. वाईट वागत नाही, खोटं कशाला बोलू. हात लावत नाही. पण परका माणूस तो."

"आणि या वस्तू त्याच्या?"

"त्याच्याच. जिकडे तिकडे ठेवतो. उद्या एवेलिओ आला आणि त्याने दुसऱ्या माणसाचे मोजे बघितले, तर काय वाटेल त्याला? एवढ्या वर्षांत माझ्याकडे बोट दाखवायला मी कोणाला जागा दिली नाही."

"मग कचऱ्यात टाकायच्या. संडासात कशाला?"

"कचऱ्यातून कोणीही काढेल. एवेलिओ म्हणतो, टाकीत गेलेलं परत घरात येत नाही." तिचा आवाज बारीक झाला. "पण हे येतं, मिस्त्री. मी माझ्या हाताने टाकलेला वस्तरा, दोन दिवसांनी बघते तर खणात. धुतलेला, पुसलेला. चष्मा तसाच. तो टाकीतूनसुद्धा काढून आणतो. असा माणूस काय करेल आणि काय नाही, तुम्हीच सांगा."

एवेलिओने गज भिंतीला टेकवला. तोंडावरचं फडकं खाली करायला त्याचा हात धजेना. कॉफी तशीच निवत होती. तो बूट चिखलात घासत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "या वेळी मी सगळं टँकरमध्ये घालून नेतो. परत येणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

तिने सुटकेचा श्वास सोडला. असा श्वास तिने सोडलेला त्याने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "देव तुमचं भलं करो," ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी मुलगी आली. योर्लेनी आलाहुएलाला कपड्यांच्या कारखान्यात होती, हाताखाली बायकांची मोठी टोळी होती आणि आवाजही तसाच झाला होता. आईला घेऊन ती दवाखान्यात गेली, एवेलिओ मागच्या बाकावर बसला. डॉक्टरीणबाईंनी अगदी हळुवार शब्दांत सांगितलं. योर्लेनी रडली. एवेलिओने एकच विचारलं, "तिची भीती जाईल का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवण परत आणायचं औषध नाही, भीती कशाने वाटते ते समोरून दूर करता आलं तर बघा.

त्याने दूर केलं. घरामागे नळ्या, नळ्यांची कोपरं आणि सिमेंटची पोती ठेवायची खोली होती, तिथे त्याने खाट टाकली. कपडे, खणातल्या वस्तू, खुर्चीवरची उशी, सगळं तिकडे नेलं. रात्री सोबतीला ताला घरात झोपू लागली. योर्लेनीला हे कळलं तेव्हा ती भडकली.

"पप्पा, हे काय आरंभलंय? स्वतःच्या घरात चोरासारखं?"

"ती झोपते आता."

"आणि तुम्ही? त्या सिमेंटच्या पोत्यांत?"

"मला कुठेही झोप लागते."

"खोटं बोलू नका. डोळे बघा आरशात."

"आरसा घरात आहे," एवेलिओ म्हणाला.

रोज सकाळी तो बूट चढवायचा, टोपी घालायचा आणि स्वतःच्या घराचं मागचं दार वाजवायचा. "आज काय बघायचंय, मिस्त्री?" ती आतून विचारायची. "चरात पाणी उतरतंय का ते बघतो," तो सांगायचा. मग ती कापडी गाळणीतून कॉफी गाळायची, कधी बरोबर मक्याची गरम तोर्तिया आणि चीज असायचं, आणि तो पायरीवर बसायचा. पुढे पुढे त्याने तोंडाचं फडकं सोडून दिलं. चेहरा उघडा असला तरी बिघडत नव्हतं. पायात बूट असले की तो मिस्त्री होता.

भीती गेली, पण तिच्या जागी वाट बघणं आलं. म्हातारा यायचा थांबला, हे ओदिलियाच्या लक्षात आलं, तसं एवेलिओही येत नाही हेही आलं. संध्याकाळी ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून रस्त्याच्या वळणाकडे बघत राहायची. आधी चिडायची. मग काळजी करायला लागली. एकदा ताला भाजी चिरत असताना ओदिलिया तिला अगदी सहज म्हणाली, "त्याने दुसरी ठेवली असेल का ग, पुरिस्कालकडे?" तालाने ते एवेलिओला सांगितलं आणि सांगता सांगता ती तिखट बाई एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी एवेलिओ सान इग्नासिओला जाऊन दाढी-कटिंग करून आला. तिला आवडणारा चौकड्यांचा शर्ट घातला, पायात बूट नाही, डोक्यावर टोपी नाही. संध्याकाळी तो रस्त्याच्या वळणावरून चालत आला आणि फाटकातून त्याने नेहमीसारखी हाक मारली, "ओदिलिया, आलो ग." ती बाकावरून उठली. क्षणभर तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि त्या क्षणात एवेलिओचे पाय हलके झाले. मग ती आत पळाली आणि तिने कडी लावली. दारामागून ती तालाला म्हणाली, "तोच आलाय. त्याचा शर्ट घालून आलाय."

त्या रात्री त्याने शर्ट पोत्याखाली ठेवला. सकाळी बूट घालून दार वाजवलं आणि कॉफीचा पहिला घोट घेऊन म्हणाला, "एवेलिओ भेटला होता."

तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "कुठे?"

"पुरिस्कालच्या पलीकडे. शाळेची टाकी बांधतोय. मोठं काम आहे, म्हणून अडकलाय. निरोप दिलाय, वाट बघू नकोस, जेवून घेत जा."

"माती कशी आहे तिकडची?" तिने लगेच विचारलं.

"लाल. वर बरी, खाली चिकण."

"मग चर लांब घ्यावा लागेल."

"तसंच म्हणत होता."

"आणि शाळा म्हणजे मुलं काहीही टाकणार. दोन कप्प्यांवर भागायचं नाही."

"तिसरा काढतोय."

ती समोरच्या स्टुलावर बसली. तिच्या चेहऱ्यावर कामाचं बोलताना यायचा तो उजेड आला होता. एवेलिओ त्या सकाळी तीन कप कॉफी प्यायला.

तेव्हापासून तो रोज निरोप आणू लागला. एवेलिओ कधी शाळेच्या कामावर असायचा, कधी एखाद्या मठाच्या, कधी नदीकाठी कोणाच्या घराखाली झरा लागलेला असायचा. ती प्रश्न विचारायची, चुका काढायची, उलटा निरोप पाठवायची. कोवळ्या मक्याचे घावन केळीच्या पानात बांधून द्यायची, "त्याला नेऊन द्या, गरम आहेत तोवर." तो मागच्या खोलीत बसून खायचा. दुसऱ्या दिवशी सांगायचा, आवडले म्हणाला. ती म्हणायची, "मीठ कमी होतं." तो म्हणायचा, "तेही म्हणाला." मग ती हसायची, अगदी पूर्वीसारखी, आणि त्याला तिथून उठवत नसे.

एकदा हात धुण्यासाठी तो अंगणातल्या नळाशी गेला आणि सवयीने कोपरापर्यंत घासायला लागला. ओदिलिया दारात उभी होती.

"तुम्हीसुद्धा असंच घासता," ती म्हणाली. "एवेलिओ तर कातडी निघेपर्यंत घासायचा."

"काम तसं आहे."

"काम तसं आहे, पण बायको तशी नव्हती." ती पायरीवर बसली. "त्याला आयुष्यभर वाटत आलं की मला त्याचा वास येतो. दोनदा अंघोळ करायचा आणि तरी खाटेच्या अगदी कडेला झोपायचा. एक हात जमिनीला लागेल इतका कडेला. मुलगी लहान होती, धावत यायची, तर हा हात वर करून उभा, थांब, थांब, मी घाण आहे. मी म्हणायचे, अरे ये इकडे. हसून टाळायचा."

पाणी वाहत होतं. एवेलिओने नळ बंद केला नाही.

"येत होता का वास?" त्याने विचारलं.

"कधीच नाही. आला असता तरी काय होतं? मी काय राजवाड्यातून आले होते? मीही विटा उचलल्यात." मग ती म्हणाली, "तुम्ही बायकोशी असं करू नका, मिस्त्री. कडेला झोपू नका."

"त्याला सांगू का हे? भेटला की?"

"सांगा. ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो ठरवून आला होता. कॉफीचा कप हातात घेऊन म्हणाला, "एवेलिओला सांगितलं तुम्ही म्हणालात ते. तो म्हणाला, चुकलं माझं. म्हणाला, मला जवळ यायचं असायचं, भीती वाटायची."

ओदिलियाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग मान हलवली. "असं तो म्हणणार नाही. एवढं बोलताच येत नाही त्याला. तुम्ही मनाने सांगताय, मला बरं वाटावं म्हणून." आणि ती समजुतीने हसली. "चांगले आहात तुम्ही."

तिचा हात स्टुलाच्या कडेवर होता, त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. टाकी बघायला आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या बायकोचा हात धरायचा नसतो. त्याने कप दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

उन्हाळा आला आणि गेला. तिथल्या नेमाप्रमाणे मे महिन्यात पाऊस परतला तेव्हा योर्लेनी रजा काढून येऊन राहिली. तालाला आता झेपत नव्हतं. ओदिलिया चूल पेटवून विसरायची, कपड्यांसकट अंघोळ करायची. योर्लेनीने सगळं निभावलं. फक्त एक तिला सहन होईना. सकाळी बाप बूट घालून दार वाजवतो, आई त्याला परक्यासारखी मिस्त्री म्हणते, आणि दोघं बसून न झालेल्या टाक्यांबद्दल बोलतात.

एका सकाळी घावनांची पुरचुंडी आईने पुढे केली, "त्याला द्या," म्हणाली, आणि योर्लेनीचा बांध फुटला.

"मम्मी, बघ नीट. हेच पप्पा. हाच एवेलिओ. रोज तुझ्यासमोर बसतो ग हा."

"योर्लेनी, गप्प बस," एवेलिओ म्हणाला.

"का गप्प बसू? तुम्ही मरताय रोज." तिने पुढे होऊन बापाच्या डोक्यावरची टोपी काढली.

ओदिलियाने पाहिलं. पांढरे केस, टक्कल पडलेलं कपाळ. पुरचुंडी तिच्या हातातून पडली नाही. तिने ती काळजीपूर्वक ओट्यावर ठेवली. मग ती मागे मागे सरकत भिंतीला टेकली.

"हा तोच म्हातारा," ती म्हणाली. "एवढे दिवस तूच होतास. एवेलिओचं नाव घेऊन माझ्याकडून सगळं काढून घेत होतास." आणि नंतर, अगदी हळू, "तू त्याला काय केलंस?"

त्यानंतर मागचं दार त्याच्यासाठी उघडलं नाही. बूट घालून गेला तरी नाही, फडकं बांधून गेला तरी नाही. बाकीचं सगळं विसरणारी ओदिलिया हे मात्र विसरली नाही; किंवा काय झालं ते विसरली आणि नुसती भीती तिच्यापाशी उरली. अंगणात त्याची चाहूल लागली तरी ती दाराला खुर्ची लावायची. योर्लेनी मागच्या खोलीत येऊन बापासमोर खाली बसली. एवेलिओने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात धुतलेले नव्हते.

"तुझं चुकलं नाही," तो म्हणाला. "तिला घेऊन जा आता. इथे तिला माझी धास्ती आहे."

"तुम्ही पण चला."

"मी आलो तर तिथेही तेच."

जायच्या दिवशी एवेलिओ टँकर घेऊन पहाटेच निघून गेला होता, तिच्या नजरेला पडू नये म्हणून. पण खालच्या पुलापाशी माती खचली होती आणि रस्ता मोकळा होईपर्यंत गाड्या खोळंबल्या होत्या. तो टँकरमधून उतरून इतरांबरोबर फावड्याने माती ओढत होता, नखशिखांत चिखलाने माखलेला, तेव्हा मागून योर्लेनीची गाडी येऊन थांबली. तो वळायच्या आत काच खाली झाली.

"अहो, भाऊ," ओदिलियाने हाक मारली. चिखलातला माणूस तिला कोणीच वाटला नव्हता, ना म्हातारा, ना मिस्त्री. "तुम्ही इथलेच का?"

"इथलाच."

"मग एवेलिओला ओळखत असाल. टाक्यांचं काम करतो."

योर्लेनी स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती.

"ओळखतो," एवेलिओ म्हणाला.

"तो आला की सांगाल का, मी मुलीकडे चाललेय, आलाहुएलाला. किल्ली तालाकडे आहे. घेवडा शिजवून ठेवलाय, गरम करून घे म्हणावं, नुसता गार खाऊ नकोस. आणि सांगा, मी वाट बघितली. खूप बघितली."

"सांगतो."

"विसरू नका हं."

"नाही विसरणार."

रस्ता मोकळा झाला. पुढच्या माणसाने हात केला, योर्लेनीने गाडी सुरू केली आणि ती पुलावरून पलीकडे गेली. एवेलिओने फावडं उचललं आणि उरलेली माती ओढली. बाकीच्यांनी बस म्हटलं तरी तो ओढतच होता.

आलाहुएलाला ओदिलिया वर्षभराहून जास्त जगली. एवेलिओ रविवारी दोन बस बदलून जायचा. पहिले काही महिने तो समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून तिला व्हरांड्यात बघायचा. नंतर तिची भीतीही पुसली गेली, तशी योर्लेनी त्याला आत घेऊन जाऊ लागली. तेव्हा ओदिलिया कोणाचं नाव विचारत नव्हती, एवेलिओचंही नाही. तो तिच्या शेजारी बसायचा, अगदी खेटून, तिचा हात हातात धरून, दुपारभर. ती धरू द्यायची. कोणीही धरला असता तरी धरू दिला असता.

ती गेली तेव्हा तो सान इग्नासिओजवळ एका नव्या घराचा चर खणत होता. फोनवर योर्लेनी काय बोलली ते त्याने शांतपणे ऐकलं. वर येऊन घरातल्या बाईला म्हणाला, "मला जावं लागेल. माझी बायको वारली." बाई काही बोलायच्या आत त्याने टँकरवरच्या फळ्या उतरवल्या, उघड्या चरावर एकेक करून आडव्या घातल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवले. "मुलांना इकडे येऊ देऊ नका," एवढं बजावून तो नळाकडे न जाता तसाच गाडीत बसला.